जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसलं, वायफाय का लागेना?

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीवर तेरा-चौदा वर्षांचा लॅपटॉप आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायच्या आणि बँकेचं खातं बघायचं, एवढंच त्याचं काम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले, तेव्हा अडतवाल्या मामांच्या भाच्यानं त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम टाकून दिली. सगळं झकास चाललं, फक्त वायफाय लागेना. भाच्यानं परत फॉरमॅट मारला. मग दुसरं लिनक्स टाकलं. मग पहिलंच पुन्हा टाकलं. लॅपटॉप माझ्याकडं आला तेव्हा मामा म्हणाले, "दादा, तीनदा धुतला ह्याला. आता रंकाळ्यात टाकतो बघा." मी लॅपटॉप उचलून कडा चाचपल्या. उजव्या बाजूला नखाएवढी सरकपट्टी होती, ती पुढं ढकलली. वायफायचा दिवा लागला.

मामांना मी एवढंच विचारलं, शेतात पाणी आलं नाही म्हणून कधी ऊस उपटून परत लावलाय का? आपण नदीवरच्या मोटरीपासून चालत येतो, मग पाइपलाइन बघतो, मग चेंबर, मग पाट. फुटलंय कुठं ते सापडलं की तिथंच पाना लावतो. वायफायचंही तसंच आहे. खटका चालू आहे का, कार्ड दिसतंय का, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) बसलाय का, ड्रायव्हरला फर्मवेअर (कार्डात भरायची फाइल) मिळालंय का, राउटरशी जुळतंय का, पत्ता मिळतोय का, आणि शेवटी साइट उघडतेय का. ह्याच क्रमानं चालत जायचं. मधलं सोडून पुढं उडी मारली की तीन फॉरमॅट ठरलेले.

एक खुलासा. कमांड मी फोनवर लोकांना सांगतो तशाच इथं लिहितोय, उच्चारानं. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाकायच्या. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायला कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा. कमांडच्या सुरुवातीला 'सुडो' असेल तर पासवर्ड मागेल. तो टाइप करताना पडद्यावर ठिपकेही दिसतीलच असं नाही. घाबरू नका, टाइप करून एंटर मारा.

आधी फोनमधून नेट द्या

दुरुस्तीला नेट लागतं आणि नेटच बंद आहे, हा पेच जवळजवळ प्रत्येकाला पडतो. उपाय खिशातच असतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावरचं 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला हे वायरचं कनेक्शन वाटतं आणि अर्ध्या मिनिटात नेट सुरू होतं. वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट केबलमधून पुढं देतात, म्हणजे मोबाइल डेटाही खर्च होत नाही. केबल मात्र डेटाची हवी. काही स्वस्त केबलमधून नुसतं चार्जिंग होतं, त्या जोडल्यावर टेदरिंगचं बटण फिकटच राहतं.

राउटर जवळ असेल आणि लॅपटॉपला वायरचं पोर्ट असेल तर नेटवर्क केबल लावली तरी चालेल. जुन्या लॅपटॉपला हे पोर्ट हमखास असतं. बऱ्याच नव्यांत ते काढून टाकलंय, एवढ्यापुरता तरी जुना बरा.

आता दोष लॅपटॉपचा की लाइनचा, हे ठरवा. त्याच वायफायवर फोन चालतोय का? नसेल तर लॅपटॉप मिटून ठेवा आणि नेटवाल्याला फोन लावा. फोन चालत असेल तर उलटी परीक्षा घ्या, म्हणजे लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडून बघा. हॉटस्पॉटचा बँड आधी २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, कारण बऱ्याच जुन्या कार्डांना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. हॉटस्पॉटला जोडला गेला तर लॅपटॉपचं कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही धडधाकट आहेत. मग खालचे दोन-तीन टप्पे गाळून थेट राउटरच्या भागाकडं या.

खटका

टर्मिनलमध्ये 'आरएफकिल' टाका, सगळं जोडून, मग एक जागा सोडून 'लिस्ट'. यादीत 'वायरलेस लॅन'च्या खाली दोन ओळी दिसतील, सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. दोन्हीपुढं 'नो' असेल तर पुढं चला.

सॉफ्टपुढं 'येस' असेल तर बंदी सॉफ्टवेअरची आहे. 'सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल' मारली की उठते. हार्डपुढं 'येस' असेल तर कमांडनं काही होणार नाही, हात लावून शोधायला लागेल. जुन्या लॅपटॉपमध्ये हा खटका चार ठिकाणी असतो. पुढच्या किंवा बाजूच्या कडेवरची सरकपट्टी, कीबोर्डच्या वरचं स्पर्शाचं बटण, एफ२ किंवा एफ१२ सारख्या कीवर काढलेला अँटेना, नाहीतर थेट बायोसमधली, म्हणजे मशीन चालू होतानाच उघडणाऱ्या मूळ पानावरची सेटिंग. कीवर अँटेना असेल तर एफएन दाबून धरून ती की दाबा आणि यादी पुन्हा काढा.

कधीकधी लॅपटॉपला खटकाच नसतो आणि तरी यादी हार्ड ब्लॉक दाखवते. काही आयडियापॅडवर हे होतं. तिथं 'आयडियापॅड अंडरस्कोर लॅपटॉप' नावाचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा तुकडा, नसलेल्या खटक्याची बातमी देत असतं. 'सुडो मॉडप्रोब डॅश आर' आणि पुढं ते नाव टाकून मॉड्यूल काढून बघा. वायफाय जिवंत झालं तर ते नाव कायमच्या काळ्या यादीत टाका, म्हणजे ते परत आपोआप सुरू होणार नाही.

खटका मोडलाच असेल तर जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डाच्या २० नंबरच्या पिनेवर बारीक टेप चिकटवायची एक युक्ती आहे. बंदीचा संकेत त्याच पिनेतून कार्डापर्यंत येतो. मी केलंय, चाललंय. पण हात थरथरत असेल तर कारागिराकडं द्या, शेजारच्या पिनेवर टेप गेली की नवंच दुखणं.

आणि एक म्हातारा उपाय. चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरी काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, परत सगळं जोडा. अडकून बसलेली कार्डं ह्यानं जागी होतात. लॅपटॉपवर विंडोजही असेल तर त्यातलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. विंडोज पूर्ण न झोपता कार्ड अर्धवट अवस्थेत सोडतं आणि लिनक्सला ते हाताळता येत नाही.

कार्ड कोणतं, ड्रायव्हर कोणता

आता सगळ्यात महत्त्वाची कमांड. 'एलएसपीसीआय', मग जागा, मग 'डॅश एनएनके'. लांबलचक यादी येईल. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' किंवा 'वायरलेस' शब्द असलेली ओळ शोधा. वायरच्या पोर्टाची ओळ 'इथरनेट कंट्रोलर' म्हणून वेगळी असते, तिच्यात गफलत करू नका. हवी ती ओळ सापडली की तिच्या शेवटच्या चौकटी कंसातला आकडा कागदावर उतरवून घ्या. त्याचे कोलनने जोडलेले दोन भाग असतात. पहिला भाग कंपनीचा, ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस, १०ईसी म्हणजे रियलटेक. दुसरा भाग नेमक्या चिपचा. लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावावरून मदत शोधण्यापेक्षा ह्या आकड्यावरून शोधा. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या दोन-तीन प्रकारची कार्डं घालतात, त्यामुळं शेजाऱ्याचा उपाय तुमच्या मशीनवर चालेलच असं नाही.

त्या ओळीच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असं दिसतंय का बघा. दिसत असेल तर ड्रायव्हरनं कार्ड ताब्यात घेतलंय. ती ओळ नसेल आणि नुसतं 'कर्नल मॉड्यूल्स' असेल तर ड्रायव्हर आहे पण कार्डावर बसलेला नाही. दोन्ही नसतील तर ड्रायव्हर आणायलाच लागेल. आणि यादीत कार्डच नसेल तर ते आत सुटलेलं असेल, मेलेलं असेल किंवा बायोसमध्ये बंद असेल. कार्ड यूएसबीचं असेल तर ते ह्या यादीत येत नाही, त्यासाठी 'एलएसयूएसबी'.

अथेरॉस निघालं तर नशीबवान आहात. एआर ९२८५ सारखी त्या काळची आतली कार्डं 'एटीएच९के' नावाच्या खुल्या ड्रायव्हरवर चालतात, वेगळी फर्मवेअर फाइलही लागत नाही. जुनं कार्ड विकत घ्यायची वेळ आली तर मी हेच मागतो.

इंटेलचंही सहसा दुखत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, फक्त फर्मवेअरची फाइल लागते. मिंट आणि उबुंटू ह्या लिनक्सच्या प्रकारांत ती आधीच असते. डेबियन ह्या तिसऱ्या प्रकारात मात्र जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपर्यंत बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालत नव्हते. कुणी जुन्या पेन ड्राइव्हवरून डेबियन टाकलं असेल तर तिथंच गाडी अडते. फर्मवेअर नसल्याची तक्रार वाचायला 'सुडो डीमेसेज' मारा. लिहिताना ते डी-एम-ई-एस-जी. मग उभी रेघ आणि 'ग्रेप फर्मवेअर', ग्रेप म्हणजे जी-आर-ई-पी. 'फेल्ड टू लोड' असं दिसलं तर फोनचं नेट जोडा, 'फर्मवेअर डॅश आयडब्ल्यूएलवायफाय' हे पॅकेज टाका आणि मशीन परत चालू करा. त्याआधी डेबियनच्या सॉफ्टवेअर स्रोतांत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग चालू करायला विसरू नका. १२ च्या आधीची आवृत्ती असेल तर तिथं 'नॉन-फ्री' हवा.

ब्रॉडकॉमपाशी थोडं थांबू, कारण माझ्याकडं येणाऱ्या जुन्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त वेळ हेच खातं. ह्या कार्डांना तीन वेगवेगळे ड्रायव्हर आहेत आणि ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. 'बी४३' हा स्वयंसेवकांनी कार्डाचं वागणं उलगडून लिहिलेला, जुन्या चिपांसाठी. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीनं स्वतः एक खुला ड्रायव्हर दिला, तो ४३१३ आणि ४३२२४ सारख्या चिपांना चालतो, त्याचं नाव 'बीआरसीएमएसमॅक'. तिसरा 'डब्ल्यूएल', कंपनीचाच पण बंदिस्त. लोक काय करतात, एक टाकून बघतात, चाललं नाही की त्याच्यावर दुसरा टाकतात. डब्ल्यूएलचं पॅकेज बाकीच्यांना काळ्या यादीत टाकतं. मग बी४३ टाकला तरी तो उठत नाही, आणि माणूस म्हणतो कार्ड गेलं.

म्हणून आधी साफसफाई करा. टाकलेली ब्रॉडकॉमची सगळी पॅकेजं 'सुडो अ‍ॅप्ट पर्ज' वापरून काढा. पर्ज म्हणजे सेटिंगच्या फाइलींसकट काढणं, नुसत्या 'रिमूव्ह'नं काळी यादी मागं राहते. मग मशीन परत चालू करा आणि एकच ड्रायव्हर टाका. मिंटमध्ये मेनूतून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, ज्या पेन ड्राइव्हवरून मिंट टाकलं तो जोडून ठेवा, ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर त्यातूनच बसू शकतो. उबुंटूत ह्याच खिडकीला 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' म्हणतात. पॅकेजचं नाव 'बीसीएमडब्ल्यूएल डॅश कर्नल डॅश सोर्स'. डेबियनमध्ये तेच 'ब्रॉडकॉम डॅश एसटीए डॅश डीकेएमएस'.

माझा अनुभव विचाराल तर ४३१२ वर, म्हणजे कागदावर १४ई४ आणि ४३१५ उतरवलं असेल तर, आधी बी४३ करून बघा. पॅकेज 'फर्मवेअर डॅश बी४३ डॅश इन्स्टॉलर'. बसताना ते फर्मवेअर नेटवरून ओढतं, फोनची केबल काढू नका. वेग थोडा कमी मिळतो, पण कर्नल बदलला तरी हा ड्रायव्हर मोडत नाही. डब्ल्यूएल मोडतो, त्याचं पुढं सांगतो.

रियलटेकची तऱ्हा वेगळी. कार्ड चालतं, नेटवर्क दिसतात, पण राउटर शेजारी असतानाच. आरटीएल ८७२३ बीई चिपच्या काही लॅपटॉपमध्ये अँटेनाची एकच वायर जोडलेली असते आणि ड्रायव्हर भलत्याच टोकावर ऐकत बसतो. 'ई-टी-सी' फोल्डरातल्या 'मॉडप्रोब डॉट डी' मध्ये डॉट कॉन्फने संपणारी नवी फाइल करा, तिच्यात एकच ओळ: 'ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी अंडरस्कोर एसईएल बरोबर २'. शेवटचं 'बरोबर' म्हणजे बरोबरचं चिन्ह, त्याच्या आजूबाजूला जागा नको. मशीन परत चालू करा. २ नं फरक पडला नाही तर १ करा. एका क्लासवाल्या मॅडमच्या लॅपटॉपची रेंज एका ओळीत एका कांडीवरून चारवर गेली होती. त्या आधी नवा राउटर घेऊन बसल्या होत्या, तेवढं वाईट वाटलं.

राउटर दिसेना, किंवा दिसतोय पण जोडेना

पासवर्ड चुकीचा म्हणत असेल तर आधी कीबोर्ड बघा. पडद्याच्या कोपऱ्यात मराठी लेआउट चालू राहिला असेल तर ठिपक्यांच्या आड देवनागरी टाइप होत असते. 'पासवर्ड दाखवा'वर टिक करून बघा. ह्यात हसण्यासारखं काही नाही, माझीही अर्धी दुपार ह्यात गेलीय.

पुढचा मुद्दा सुरक्षेच्या प्रकाराचा. काही नवे राउटर डब्ल्यूपीए३ वर लावून दिलेले असतात. जुन्या कार्डांना, विशेषतः ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरांना, ती भाषा येत नाही. नाव दिसतं, पासवर्ड बरोबर असतो आणि तरी फिरत राहतं. राउटरच्या पानावर जाऊन, बहुतेक ठिकाणी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की ते उघडतं, सुरक्षा 'डब्ल्यूपीए२, एईएस' करा. दोन्हींचा मिश्र प्रकार असतो, पण काही जुनी कार्डं त्यावरही अडखळतात. सगळ्या घराची सुरक्षा खाली आणायची नसेल तर 'गेस्ट नेटवर्क' वेगळ्या नावानं २.४ वर चालू करा आणि म्हाताऱ्या लॅपटॉपला तिथं बसवा. मला हाच मार्ग पटतो. पण डब्ल्यूईपी हा जुना कच्चा प्रकार किंवा विनापासवर्ड कधीही नको, पेठेत गॅलरीला गॅलरी लागून असते.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव दिलेलं असेल तर तेही वेगळं करा. काही राउटर यंत्राला ५ कडं ढकलायला बघतात आणि ज्या कार्डाला ५ माहीतच नाही ते दारातच ताटकळतं.

चॅनलची गंमत मात्र सांगायलाच हवी. कसबा बावड्यात एक निवृत्त सर आहेत. त्यांचा फोन आला, "लाइट गेली की माझं वायफाय जातं, आणि लाइट आली तरी येत नाही. फोनवर असतं, लॅपटॉपवर नसतं." पावसाळा होता, लाइट दिवसातून चारदा जायची. मला आधी वाटलं, योगायोग. मग लक्षात आलं. लाइट आल्यावर राउटर नव्यानं सुरू होतो आणि 'ऑटो'वर असेल तर आजूबाजूची गर्दी बघून नवा चॅनल निवडतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनल वापरता येतात. पण अमेरिकेसाठी भरलेली जुनी कार्डं ११ च्या पुढं ऐकतच नाहीत. राउटर १२ किंवा १३ वर गेला की सरांच्या लॅपटॉपच्या लेखी तो गावातच नाही. फोन मात्र भारताचे नियम पाळतो, त्याला दिसतं. राउटरचा चॅनल ऑटोवरून काढून ६ वर कायम केला आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. त्यानंतर लाइट गेली की सर फक्त लाइटवाल्यांना बोलतात.

१, ६ आणि ११ ह्यांतलाच एक निवडा, हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. कुठला मोकळा आहे ते बघायला 'एनएमसीएलआय डेव्ह वायफाय लिस्ट' मारा, शेजाऱ्यांची नेटवर्क चॅनलच्या आकड्यासकट दिसतात. मंगळवार पेठेत मी एका खोलीतून बावीस मोजलीत.

लागतं, पण टिकत नाही

दर दहा मिनिटांनी तुटत असेल तर पहिला संशय वीजबचतीवर. बॅटरी वाचवायला कार्ड मधेमधे डुलकी घेतं आणि काही जुन्यांना वेळेत जाग येत नाही. उबुंटू आणि मिंटमध्ये 'ई-टी-सी', त्यात 'नेटवर्कमॅनेजर', त्यात 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरमध्ये 'डीफॉल्ट डॅश वायफाय डॅश पॉवरसेव्ह डॅश ऑन डॉट कॉन्फ' नावाची फाइल असते. सुडो वापरून उघडा, शेवटी ३ आहे त्याचा २ करा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. मग 'सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर', ह्यात शेवटच्या शब्दाचा एन आणि एम मोठे.

काही यूएसबी डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायची छोटी वायफाय कार्डं, दुसऱ्याच कारणानं भरकटतात. नेटवर्क शोधताना नेटवर्कमॅनेजर कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, मुद्दाम बदलत राहतो, खासगीपणासाठी. स्वस्त चिपांना ते झेपत नाही. 'नेटवर्कमॅनेजर डॉट कॉन्फ' फाइलमध्ये चौकटी कंसात 'डिव्हाइस' लिहून खालच्या ओळीत 'वायफाय डॉट स्कॅन डॅश रँड डॅश मॅक डॅश अ‍ॅड्रेस बरोबर नो' टाका.

लॅपटॉप मिटून उघडल्यावरच जात असेल तर पूर्ण रीस्टार्टची गरज नाही. 'सुडो मॉडप्रोब डॅश आर' आणि ड्रायव्हरचं नाव, मग 'डॅश आर' काढून तीच कमांड परत. मोटर बंद करून चालू केल्यासारखं.

आणि भिंती. पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती दीड-दीड फुटाच्या आहेत, त्यातून २.४ सुद्धा दमतं. सोप्यात राउटर आणि माडीवर लॅपटॉप असेल तर दोष लिनक्सला देऊ नका. राउटर जिन्याच्या तोंडाशी आणा. वेगाची अपेक्षाही बेतानं ठेवा. 'जी' पिढीचं कार्ड कागदावर ५४ मेगाबिटचं असतं, हातात त्याच्या निम्मंच येतं. तुमचा प्लॅन ३०० चा असला तरी.

सगळं जोडलंय आणि साइट उघडेना

'पिंग डॅश सी ४' टाकून पुढं ८.८.८.८ द्या. उत्तर आलं तर नेट घरात आलंय. मग तीच कमांड एखाद्या साइटच्या नावानं मारा. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर नावं उलगडणारं डीएनएस बंद पडलंय. वायफायच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ च्या पानावर डीएनएसचं 'ऑटोमॅटिक' बंद करून ८.८.८.८ आणि १.१.१.१ लिहा. आकड्यालाही उत्तर नसेल तर 'आयपी ए' मारून पत्ता बघा. १६९.२५४ नं सुरू होत असेल किंवा पत्ताच नसेल तर राउटरनं पत्ता दिलेला नाही, राउटर बंद-चालू करा.

दोन्हींना उत्तर येतंय आणि ब्राउझर मात्र प्रत्येक साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतोय? घड्याळ बघा. जुन्या मशीनच्या बोर्डावरचा बटण सेल संपला की बंद केल्यावर तारीख काही महिने, कधी काही वर्षं मागं जाते. साइटची प्रमाणपत्रं हल्ली थोड्या मुदतीची असतात, त्यामुळं मशीनच्या मते ती अजून लागूच झालेली नसतात. अपडेटही ह्याच कारणानं नाकारले जातात. लोक तासभर वायफाय खणतात आणि दोष सेलमध्ये असतो. तात्पुरतं 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट डॅश एनटीपी ट्रू' करा, नेट असेल तर वेळ आपोआप जुळते. सेल बहुतेकदा सीआर २०३२ असतो, महाद्वार रोडवर घड्याळवाल्याकडंही मिळेल. लॅपटॉपमध्ये मात्र तो वायर आणि पिनसकट येतो, तसाच आणायला लागतो.

अपडेटनंतर गेलं तर

काल चालत होतं, रात्री अपडेट झालं, सकाळी गायब. हे डब्ल्यूएल आणि बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरांचं नेहमीचं. नवा कर्नल आला की ते नव्यानं बांधावे लागतात. डीकेएमएस नावाची सोय ते काम करते, पण तिला त्या कर्नलची 'हेडर्स' नावाची पूरक फाइली लागतात आणि ती नसली की गुपचूप सोडून देते. मशीन चालू करताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून मेनू आणा, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. वायफाय आलं तर निदान पक्कं. मग 'लिनक्स डॅश हेडर्स' टाकून 'डीकेएमएस स्टेटस' बघा. मशीन २०१२ नंतरचं असेल आणि बायोसमध्ये 'सिक्युअर बूट' चालू असेल तर असा ड्रायव्हर सहीशिवाय आत घेतला जात नाही. बसवताना मागितलेला पासवर्ड लक्षात ठेवून पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तो द्यायचा असतो. ते झेपत नसेल तर सिक्युअर बूट बंद करा.

शेवटी डोंगल

दोन संध्याकाळी घालवूनही जमलं नाही तर मी थांबतो आणि काही शे रुपयांचा यूएसबी डोंगल सुचवतो. पण आत कुठली चिप आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका. 'लिनक्स सपोर्ट' असं खोक्यावर छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. मीडियाटेकची एमटी ७६०१ यू चिप २०१५ पासून कर्नलमध्येच आहे, ७६१० यू आणि ७६१२ यू २०१८ पासून, त्या ५ गिगाहर्ट्झही पकडतात. हे डोंगल लावलं की चालतात. दुकानदाराला चिप माहीत नसेल तर लॅपटॉप घेऊनच राजारामपुरीत जा, काउंटरवर लावून 'एलएसयूएसबी' मारा आणि मगच पैसे द्या. डोंगल लावल्यावर वायफायऐवजी सीडीचं चित्र आलं तर तो खराब नाही. विंडोजच्या ड्रायव्हरची खोटी सीडी दाखवतोय. ती 'इजेक्ट' करा किंवा 'यूएसबी अंडरस्कोर मोडस्विच' वापरा.

आतलं कार्डच बदलायचा बेत असेल तर थांबा. जुन्या काही लेनोवो आणि एचपी मशीनच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते. बाहेरचं कार्ड दिसलं की मशीन चालूच होत नाही.

आणि काम झालं की लॅपटॉप पालथा घालून कागदी टेपचा तुकडा चिकटवा. त्यावर कार्डाचा तो आकडा, चाललेल्या ड्रायव्हरचं नाव आणि बदललेली फाइल पेननं लिहा. अडतीवरच्या लॅपटॉपखाली मी जी पट्टी लावलीय तिच्यावर एवढंच आहे: 'उजवीकडची पट्टी पुढं ढकला.' खाली भाच्याचा मोबाइल नंबर होता, तो मामांनी खोडलाय.